चर्च संगीत कार्यशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चच्या स्थानिक समूहांसाठी, संगीत कार्यशाळा भरवताना पाळकसाहेब, फादर, गायनवृंदाचे प्रमुख, वादक आणि पालक यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते विषय एका वाक्यात आटोपण्यासारखे नाहीत.

कार्यशाळा नेमकी कोणासाठी असते?

रविवारच्या उपासनेत किंवा मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) गाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या सर्वांसाठी. त्यात हार्मोनियम, कीबोर्ड, गिटार, तबला आणि ढोलकी वाजवणारे येतात, गीत सुरू करून देणारे येतात, संडे स्कूलचे शिक्षक येतात आणि गीतांची निवड करणारे पाळकही येतात. पाळकांनी निदान एक पूर्ण दिवस बसावे, असा आमचा आग्रह असतो. प्रवचनाचा विषय शनिवारी रात्री ठरतो आणि गायकांना गीतांचे क्रमांक रविवारी सकाळी कळतात, ही अनेक मंडळ्यांची नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर कोणताही संगीतशिक्षक उपाय देऊ शकत नाही.

मला स्वरलिपी वाचता येत नाही आणि मी कोणतीही परीक्षा दिलेली नाही. मी आलो तर चालेल का?

अवश्य यावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षा दिलेले, तसेच लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या कीबोर्ड परीक्षा दिलेले काही जण येतात. परंतु बहुसंख्य लोक ऐकून शिकलेले असतात. ऐकून शिकलेल्यांचा कान बहुधा चांगला असतो. त्यांना अडचण येते ती आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याला सांगताना, आणि नेमकी तीच गोष्ट येथे शिकवली जाते.

शिकवणारे कोण असतात? ते सर्व ख्रिस्तीच असतात का?

नाही. तबल्याचे गुरुजी, शास्त्रीय गायनाचे शिक्षक, शाळेतील संगीतशिक्षक यांपैकी अनेक जण ख्रिस्ती नसतात, आणि त्यामुळे आजवर काही बिघडलेले नाही. चौताल आणि भजनी ठेका हे काही कोणत्या धर्माच्या नावावर नोंदलेले नाहीत. गीतांचा अर्थ आणि उपासनेतील त्यांचे स्थान हा भाग मात्र मंडळीतील अनुभवी व्यक्तीच घेते.

एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो : जो शिकवतो त्याने दुसऱ्या किमान एका वर्गात विद्यार्थी म्हणून बसायचे. पाश्चात्त्य पद्धतीने चार आवाजांचे (स्त्रियांचे उंच-खालचे सोप्रानो व आल्टो, पुरुषांचे उंच-खालचे टेनर व बास) गायन शिकवणारे शिक्षक तबल्याच्या वर्गात हाताने टाळी-खाली मोजताना दिसतात, आणि तीस वर्षे ढोलकी वाजवलेले काका टेनरच्या ओळीत उभे राहून आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजाकडे ओढला जाऊ नये म्हणून धडपडत असतात. या अदलाबदलीतून जे हाती लागते ते कोणत्याही भाषणापेक्षा अधिक असते. गावाकडच्या ज्येष्ठ भगिनींनाही आम्ही शिक्षक म्हणूनच बोलावतो. जुन्या गीतांच्या मूळ चाली त्यांच्या कंठात आहेत, आणि पुष्कळ चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. अशा एखाद्या आजी गाऊ लागल्या की अंतऱ्याच्या शेवटी त्या जी छोटीशी मुरकी घेतात, ती कीबोर्डवर शोधताना शहरातल्या तरुण वादकाची बोटे दोन पट्ट्यांच्या मध्ये अडखळतात. तो सूर पट्टीवर नसतोच.

आमच्या उपासनेत देशी चाली असाव्यात की पाश्चात्त्य?

हा प्रश्न भांडणाच्या सुरात विचारला जातो, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. जालन्यात प्रेस्बिटेरियन परंपरेच्या स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने काम करणारे नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अँग्लिकन परंपरेचे चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. एकीकडे प्रेस्बिटेरियन वळणाचे गायन आणि दुसरीकडे अँग्लिकन उपासनापद्धती, असे हे दोन प्रवाह १९७० साली सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चची) स्थापना झाल्यावर एका छत्राखाली आले. येथील मेथडिस्ट मंडळी त्या ऐक्यात सामील झाली नाही. तिची स्वतःची रीत राहिली. एकाच गीताला दोन गावांत दोन चाली का असतात, याचे बरेचसे उत्तर या इतिहासात आहे.

आणि देशी चाली ही काही आजकालची टूम नाही. अहमदनगरकडचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजने लिहिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ही पदे आणि पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते शेजारी शेजारी नांदतात. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी हा वाद केव्हाच मिटवला होता. तो आपण पुन्हा उकरून काढला. कार्यशाळेत दोन्ही शिकवले जाते. चाल कोणत्या देशातून आली यापेक्षा मंडळी ती तोंड उघडून गाते की नाही, या कसोटीला आम्ही अधिक महत्त्व देतो.

पाश्चात्त्य चालीवर मराठी गीत गाताना शब्द तुटतात. यावर उपाय आहे का?

आहे, पण तो दोष कोठून येतो हे आधी समजून घ्यावे लागते. इंग्रजी स्तोत्रांची एक अत्यंत प्रचलित मांडणी म्हणजे ८-६-८-६ अक्षरांच्या चार ओळी. या मांडणीतील बहुतेक चालींची सुरुवात समेच्या (तालाच्या पहिल्या, जोरकस मात्रेच्या) आधीच्या दुबळ्या मात्रेवर होते आणि दुसरे अक्षर जोरकस मात्रेवर पडते. ‘प्रभू’ हा शब्द अशा जागी छान बसतो, कारण त्यातील पहिले अक्षर ऱ्हस्व आणि दुसरे दीर्घ आहे. पण तेथे ‘तारक’ किंवा ‘जीवन’ ठेवून पाहा : ‘ता’ घाईघाईने उरकला जातो आणि ‘र’ लांबतो, ‘जी’ आखूड होतो आणि ‘व’ ताणला जातो. ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. भाषांतरकाराने अक्षरे मोजली, मात्रा मोजल्या नाहीत, असा तो प्रकार.

आपल्या मोठ्या अभंगाची मांडणी ६-६-६-४ अक्षरांची. वर्गात समजावण्यासाठी रचलेली ही ओळ पाहा : ‘प्रभू तुझ्या दारी, उभा मी याचक, देई मज एक, तुझे नाम.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड राहतो. त्या आखूडपणामुळे श्वासाला जागा मिळते, टाळकऱ्याला जागा मिळते आणि पुढची ओळ उचलणाऱ्यालाही मिळते. ही ओळ ८-६-८-६ च्या चालीत कोंबली, तर ‘तुझे नाम’ यातील एकेक अक्षर ओढून लांब करावे लागते.

उपाय तीन आहेत, आणि तिन्ही प्रत्यक्ष गाऊन दाखवले जातात. एक, दुबळ्या मात्रेवर दीर्घ अक्षर येत असेल तर ती मात्रा सोडून ओळ थेट समेवर सुरू करावी. दोन, एका सुरावर एकच अक्षर हा हट्ट सोडून दीर्घ अक्षराला दोन सूर द्यावेत आणि लगतची दोन ऱ्हस्व अक्षरे एका सुरात बसवावीत. तीन, हे दोन्ही जमत नसेल तर चाल बदलावी. छापील शब्द आपल्या मनाने बदलू नयेत. मंडळीत एकाच्या हातात जुने पुस्तक आणि दुसऱ्याच्या हातात नवी झेरॉक्स असली की ओळीच्या मध्यावर गोंधळ ठरलेला.

शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चाही निर्णय आधी घ्यावा. बोलताना आपण ‘याचक्’ म्हणतो, गाताना ‘याचक’ असे पूर्ण उच्चारतो. निम्म्या गायकांनी एक आणि निम्म्यांनी दुसरे केले की शेवटचा सूर फाटतो.

सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे प्रकरण मराठी गीतांना जमते का?

पाश्चात्त्य चालींना जमते, आणि चांगले जमते. भजन किंवा रागावर आधारलेल्या पदाला मात्र सरसकट जमत नाही. भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल असतात. कीबोर्डवाल्याने सवयीने मेजर कॉर्ड (एकत्र वाजवलेले सा, शुद्ध ग आणि प) धरला की त्यातील शुद्ध ग गायकाच्या कोमल गंधाराला जाऊन भिडतो. भूप रागात म आणि नी नाहीतच. तेथे नेहमीचे तीन कॉर्ड फिरवत राहिले तर चालीत नसलेले स्वर घुसतात आणि गीताचा चेहरा बदलतो. अशा पदांना आम्ही सा-प चा अखंड आधार, फार तर ध्रुवपदाच्या शेवटी एखादा खालचा आवाज, एवढेच सुचवतो. मागून स्वरमेळ जितका भरगच्च तितके गायन भारदस्त, हा समज गायनवृंदात खोलवर रुजलेला आहे. तो काढायला वेळ लागतो.

गीत कोणत्या पट्टीत सुरू करावे?

गाणाऱ्या प्रमुखाला सोयीचे असेल त्या पट्टीत नव्हे. मंडळी गाते तेव्हा पुरुष आणि स्त्रिया एकाच चालीत, एका सप्तकाच्या अंतराने गात असतात, आणि बहुतेकांनी आठवडाभर गाण्यासाठी तोंड उघडलेले नसते. म्हणून गीतातला सर्वांत उंच सूर आधी शोधावा आणि तो हार्मोनियमच्या पांढरी दोनच्या (सप्तकातील दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) फारसा वर जाणार नाही, अशा बेताने षड्ज, म्हणजे सा, ठरवावा. उदाहरणार्थ, अंतरा तार सप्तकातील शुद्ध गंधारापर्यंत चढत असेल आणि आपण काळी एकमध्ये गात असाल, तर तो गंधार पांढरी चारवर जातो. तेथे मागच्या बाकावरील लोक गप्प होतात. तेच गीत काळी पाचवर उतरवले की गंधार पांढरी दोनवर येतो आणि सगळे गातात. हार्मोनियम घेऊन हा प्रयोग आम्ही पहिल्याच सत्रात करतो. मंडळी आळशी आहे, आमच्याकडे कोणी गातच नाही, या तक्रारीमागे निम्म्या वेळा चुकीची पट्टी असते.

हार्मोनियम, कीबोर्ड आणि गिटार एकत्र वाजवले की बेसूर का वाटते?

कीबोर्ड कारखान्यातून ठरावीक प्रमाण स्वरावर येतो. चर्चमधील जुन्या हार्मोनियमचे सूर त्यापेक्षा किंचित चढे किंवा उतरे असतात. दोन्हींवर एकच सूर धरला की थरथर ऐकू येते. हार्मोनियमचे सूर लावणे हे कारागिराचे काम आहे, तेव्हा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वर हार्मोनियमशी जुळवावा आणि त्यानंतर गिटार व तबला लावावा. हा क्रम उलटा केला तर सकाळ त्यातच जाते. गिटारवाल्यांनी कॅपो (सर्व तारा एकाच पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) जवळ ठेवावा : काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी (C) पट्टीच्या कॉर्डचे आकार, काळी पाचसाठी त्याच पडद्यावर ए (A) पट्टीच्या कॉर्डचे आकार.

तबल्याविषयी आपल्या भागापुरती एक सूचना. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने पुडी (तबल्याचे कातडे) ताणली जाऊन सूर चढतो; तोच तबला कूलरसमोर ठेवला की दमट हवेने तासाभरात उतरतो. वादकाला कूलरपासून दूर बसवावे. त्याला उकडेल, याला इलाज नाही.

कोणते ठेके शिकवले जातात?

आठ मात्रांचा केरवा, धुमाळी आणि भजनी ठेका, तसेच सहा मात्रांचा दादरा. बहुतेक गीते एवढ्यात भागतात. तीन मात्रांच्या पाश्चात्त्य चालींना दादरा चालतो, पण खालीचा (तालात टाळी न देण्याच्या जागेचा) ठोका हलका ठेवावा लागतो. नाहीतर संथ स्तोत्राचे लोकगीत होते. पवित्र शुक्रवारच्या भक्तीत तर तबला वाजवूच नये, असे माझे मत आहे. सर्वांना ते पटत नाही.

स्वरलिपी कोणती वापरता?

भातखंडे पद्धतीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब. एवढ्या चार खुणांवर सामान्य गीत लिहून होते. चार आवाजांच्या वर्गात पाच रेघांची पाश्चात्त्य लिपीही दाखवली जाते. जुन्या मिशन शाळांत शिकलेल्या काही ज्येष्ठांना डो-रे-मी पद्धत ठाऊक असते. तीत ‘डो’ सरकता असल्याने ती आपल्या सा-रे-ग शी सहज जुळते, आणि दोन पिढ्यांचे बोलणे त्यावरून सुरू होते.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र यावे का?

यावे. गायनाचे तंत्र एकच आहे. फरक पडतो तो गीते कोठे योजायची याबाबत, आणि तो आधीच बोलून घ्यावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यानंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागला आणि स्थानिक संगीतपरंपरेलाही मान मिळाला. मराठी मिस्साची गीते ही त्यानंतरची वाट आहे. तेथे प्रत्येक गीताची जागा ठरलेली असते, आणि प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, ‘आलेलुया’ गायिले जात नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही बंधने सैल आहेत. पाहुण्या वादकाला हे ठाऊक नसेल तर तो उपवासाच्या दिवसांत उत्साहाने ‘आलेलुया’ सुरू करतो आणि फादर नुसते पाहत राहतात.

तयार ट्रॅक लावून गाणे योग्य आहे का?

वादकच नसेल तर हरकत नाही. पण ट्रॅक थांबत नाही, श्वास घेत नाही आणि प्रभुभोजनाची रांग लांबली तर आणखी एक कडवे घेत नाही. ज्या गावात एक हार्मोनियम आणि ती वाजवणारी एक मुलगी आहे, त्या गावाने ट्रॅकच्या मागे लागू नये. त्या मुलीला कार्यशाळेला पाठवावे.

मुलांसाठी वेगळा वर्ग असतो का?

असतो, सात वर्षांपासून पुढे. जोरात गाणे म्हणजे चांगले गाणे नव्हे, हे त्यांना शिकवावे लागते. नाताळच्या कार्यक्रमासाठी मोठ्यांनीच त्यांना ओरडायला लावलेले असते. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना गाण्याची सक्ती करू नये. तेवढ्या काळात तबला किंवा गिटार हाती द्यावी.

कार्यशाळा केव्हा आणि किती दिवसांची ठेवावी?

तीन दिवस पुरतात. वेळ मात्र मराठवाड्याच्या पंचांगानुसार ठरवावी लागते. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलकडे परततात. जूनमध्ये पेरणी. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते, पण लगीनसराईत वादक सुपारीवर असतात आणि दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. तरीही मेचा पूर्वार्ध त्यातल्या त्यात बरा. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ, असे वर्ग ठेवावेत आणि दुपार झोपेला सोडावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, हे समारोपाची संध्याकाळ आखताना विसरू नये. नाताळसाठी शिकायचे असेल तर दिवाळीच्या सुट्टीतील दोन दिवस घ्यावेत. डिसेंबरमध्ये घाई करून काहीही शिकवता येत नाही.

शिक्षकांना मानधन द्यावे का? ही तर सेवा आहे.

द्यावे. मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि साउंडवाल्याला आपण पैसे देतो. सेवेची आठवण तबलजीच्या पाकिटापाशीच होते. रक्कम मंडळीच्या ऐपतीप्रमाणे ठरवावी, पण ती बोलावतानाच स्पष्ट सांगावी, आणि एसटीचे भाडे व राहण्याची सोय त्यात धरू नये. कोणी मानधन घेण्यास नकार दिला तर तो त्यांचा निर्णय.

शिकलेली गीते छापली किंवा यूट्यूबवर टाकली तर चालेल का?

भारतीय कायद्यानुसार गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. टिळकांची पदे त्यामुळे केव्हाच मुक्त झाली आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. पुस्तिका छापणे किंवा चित्रीकरण प्रसिद्ध करणे यांना मात्र ही सवलत लागू होत नाही. त्यासाठी शब्दांचा आणि संगीताचा स्वामित्वहक्क अजून ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्यावी. भाषांतरावर भाषांतरकाराचाही हक्क असतो, ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

येताना काय आणावे?

आपले वाद्य, आपल्या मंडळीत वापरले जाणारे गीतपुस्तक, वही आणि पेन्सिल. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप घालून ठेवावे. आपल्या गावातील एक जुने गीत, शक्य असल्यास ज्येष्ठ व्यक्तीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आणावे. पहिल्या संध्याकाळी ते सर्वांना ऐकवले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याची स्वरलिपी लिहिली जाते.

तीन दिवसांनंतर पुढे काय?

प्रत्येक मंडळीने तीनच गीते घेऊन परतावे : एक अभंग, एक पाश्चात्त्य चालीचे आणि एक मुलांचे. महिनाभर दर रविवारी उपासनेआधी दहा मिनिटे मंडळीला ती शिकवावीत. गायनवृंदाने स्वतंत्रपणे सादर करू नयेत. महिन्याच्या शेवटी मंडळी गातानाचे ध्वनिमुद्रण आपल्या शिक्षकांना पाठवावे. ते ऐकून पट्टी, लय आणि उच्चार यांविषयी लेखी सूचना कळवल्या जातात, आणि पुढील कार्यशाळेचा अभ्यासक्रम त्याच सूचनांवरून ठरतो.